तेविसावा अर्ज

सारसोळे, नेरूळ
९ ऑक्टोबर २०२५

चि. धनेश,

आशीर्वाद आधी, तक्रार मागून. तुझं जहाज सध्या कुठल्या समुद्रात आहे ते मला ठाऊक नाही. तिथे फोन लागत नाही आणि ईमेलला फोटो जोडला तर तो वाटेतच गळून पडतो, एवढं मात्र मी दोनदा करून बघितलंय. म्हणून जे काही आहे ते अक्षरांत लिहिते. वाशीच्या कचेरीत सव्वीस वर्षं टायपिंग केलंय, निवृत्त झाले तरी बोटं अजून चालतात.

ऑगस्टमध्ये निघताना तू माझ्या पुढच्या खोलीत जो प्रिंटर बसवून दिलास, त्यानं रविवारपासून बोलणं टाकलंय. त्या दिवशी नेटवाला आला, जुना डबा काढून नवा लावला, चार दिवे दाखवून म्हणाला, "मॅडम, आता एकदम फास्ट." लॅपटॉप फास्ट झाला खरा, पण प्रिंटर निळा दिवा मिचकावत बसलाय आणि लॅपटॉप म्हणतो की तो ऑफलाइन आहे. मी नेटवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "प्रिंटर आमच्यात येत नाही." मग कोणात येतो, ते त्यानं सांगितलं नाही.

हे सगळं नेमकं आत्ता व्हायचं होतं. खाडीत हातानं मासळी धरणाऱ्या बायकांची पहिल्यांदाच नोंद होणार आहे. आजवर ज्याची होडी तो मासेमार, असाच हिशेब होता. तुझा बाप होडीवाला म्हणून पंढरीदादाचं नाव मच्छीमार सोसायटीच्या वहीत होतं. गुडघाभर चिखलात उतरून नांगीवाल्या चिंबोऱ्या धरणाऱ्या बायका मात्र कुठेच नव्हत्या. आता अर्ज ऑनलाइन भरायचाय, सोबत पुरावा म्हणून जुने कागद आणि घरच्या एका माणसाचं निवेदन, सगळं स्कॅन करून. शेवटची तारीख एकतीस ऑक्टोबर. गावातल्या बावीस जणी माझ्याकडे कागद घेऊन आल्यात. अर्जात एक रकाना आहे, "सोबत मासेमारी केलेल्या व्यक्तींची नावे". तिथे सगळ्या एकमेकींची नावं घालतात आणि कोणाचं आधी घातलं यावरून माझ्या ओट्यावर भांडतात.

तेविसावी तुझी आई. सखूवहिनी रोज दुपारी येते, इतरांचे कागद सरळ करून देते, आणि स्वतःच्या अर्जाचं काढलं की नको म्हणते.

प्रिंटरची मी काळजी घेते. वर कापड घालून ठेवलंय. तू दम दिला होतास त्याप्रमाणे दसऱ्याला त्याच्यावर एकही अक्षत टाकलेली नाही, त्यामुळे मागच्या लॅपटॉपच्या कळांत तांदूळ अडकले होते ती गोष्ट पुन्हा काढू नकोस. एवढ्या मोठ्या जहाजाची वीज सांभाळतोस, तर आत्याचा एक प्रिंटर तुला जड नाही. काय करायचं ते लिही.

तुझी
पुतळाआत्या

•

जहाजावरून
११ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास नमस्कार.

आम्ही आफ्रिकेच्या टोकाकडे निघालोय. पत्र संध्याकाळी एकदाच येतं-जातं, त्यामुळे सगळं एकदम सांगतो.

तुझा प्रिंटर ठणठणीत आहे. तो जुन्या नेटचं नाव शोधत बसलाय आणि ते नाव आता घरात कोणाचंच नाही. मी बसवताना नेटला बाबांच्या होडीचं नाव दिलं होतं, दर्याराणी. नव्या डब्यावर कंपनीचं काहीतरी अगम्य नाव असेल. प्रिंटरला नवं नाव शिकवत बसण्यापेक्षा डब्यालाच जुनं नाव दे. मग घरातली सगळी जुनी यंत्रं आपोआप परत येतील.

नव्या डब्याच्या पोटाखाली एक कागद चिकटवलेला असेल, त्यावर आकड्यांचा एक पत्ता आणि पासवर्ड आहे. लॅपटॉपवर तो पत्ता उघड. आत दोन नेट दिसतील, एक वेगवान आणि एक सावकाश. आपल्या प्रिंटरला फक्त सावकाशवालं ऐकू येतं. त्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दे, अक्षर न् अक्षर तेच. मग डबा आणि प्रिंटर दोन्ही बंद कर. आधी डबा चालू कर, त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत चहा घे, आणि नंतर प्रिंटर. निळा दिवा मिचकावायचा थांबला की झालं.

आईचं म्हणशील तर तिला या भानगडीत ओढू नकोस. तिनं खूप चिखल तुडवलाय. नको म्हणते म्हणजे दमली असेल. आता तिनं आरामात बसावं म्हणून तर मी इथे आहे.

धनेश

•

सारसोळे
१७ ऑक्टोबर २०२५

चि. धनेश,

दर्याराणी पुन्हा चालू झाली. चहा संपायच्या आत निळा दिवा थांबला आणि प्रिंटरनं न विचारता एक कोरा कागद बाहेर टाकला. कोणी घरचं माणूस हाकेला ओ देतं तसंच वाटलं. ओट्यावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. तुझी आई तेवढी उठून आत गेली. दादा गेल्यापासून होडीचं नाव ऐकलं की तिचं असं होतं.

पण छपाई सुरू झाली तरी स्कॅन केलेलं लॅपटॉपवर येईना. ते मी स्वतः शोधून काढलं, तुला विचारलं नाही. माझी भाविका उलव्याहून माहेरी आली होती, तेव्हा तिनं लॅपटॉप वरच्या भाडेकरूंसाठी ठेवलेल्या पाहुण्यांच्या नेटला जोडून दिला होता. पाहुण्यांच्या नेटवरून घरातली यंत्रं दिसत नाहीत, हे त्या डब्याच्या पानावर एका कोपऱ्यात लिहिलेलं होतं. लॅपटॉप दर्याराणीवर आणला आणि स्कॅन सुरू झालं. जहाजावर माणूस कमी पडला तर कळव.

आता वाईट बातमी. दोन दिवसांत मी बावीस अर्ज चढवले. प्रत्येकीचे आठ-दहा कागद, म्हणून सगळे वरच्या फीडरमधून सोडले. सरसर आत गेले. आणि काल रात्री बावीसच्या बावीस परत आले. शेरा सगळ्यांवर एकच: "कागद काट मारून रद्द केलेला दिसतो, स्वच्छ प्रत जोडा." मी उघडून बघितलं, तर खरंच प्रत्येक पानावर वरून खालपर्यंत एक रेघ. मूळ कागदावर काहीच नाही, स्कॅनमध्ये मात्र रेघ. मालतीबाईंच्या फोटोत तर ती बरोबर नाकावरून गेलीये. त्या म्हणाल्या, "इतकी वरसा कुनी इचारला नाय, आता इचारला तं नाकावर काट मारली."

हसले मी, पण लगेच कॅलेंडर बघितलं. या बायकांना सहा महिने मीच मागे लागून तयार केलंय. चौदा दिवस उरलेत, त्यात दिवाळी आहे.

तुझ्या आईबद्दल तू जे लिहिलंस ते तसं नाही. ती दमलेली नाही. कारण वेगळं आहे आणि ते पत्रात लिहावं असं मला वाटत नाही.

पुतळाआत्या

•

जहाजावरून
१८ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,

रेघेचं वाचून मला आधी वाटलं की स्कॅनरची आतली पट्टी गेली. खाडीकाठची हवा आहे, दमट असते. तसं असेल तर दुरुस्तीच्या मागे लागू नकोस, वाशीत जाऊन सरळ नवा आण.

पण नवा आणण्याआधी तीन गोष्टी सांग, कारण मला दिसत नाही आणि तुला दिसतंय. रेघ कुठल्या रंगाची आहे? प्रत्येक पानावर ती एकाच जागी येते की सरकते? आणि एखादा कागद तू फीडरमधून न सोडता झाकण उघडून काचेवर पालथा ठेवला आहेस का? त्यावरही रेघ आली का? या तिन्हींची उत्तरं मिळाली की इथे बसून सांगेन. पाइप, पंप, प्रिंटर, शोधायची पद्धत एकच असते.

आणि चौथा प्रश्न. आईचं काय कारण आहे? पत्रात लिहावंसं वाटत नाही असं लिहून तू मला आठ हजार किलोमीटरवर टांगून ठेवलंस. असं करू नकोस, आत्या. सांग.

धनेश

•

सारसोळे
१९ ऑक्टोबर २०२५

चि. धनेश,

विचारलंस तर ऐक.

रेघ तांबूस आहे. एकाच जागी येते, डावीकडून चार बोटांवर.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा लांब आहे. परवा दुपारी सगळ्या गेल्यावर तुझी आई मागे थांबली आणि कमरेची पिशवी सोडून एक कागद माझ्यासमोर ठेवला. ग्रामपंचायत होती त्या वेळचा, बाजारात बसायचा पास. त्यावर तिचा फोटो आहे, बावीस-तेवीस वर्षांची असेल, नाकात नथ आणि नजर अशी की फोटोवालाच घाबरला असेल. खाली लिहिलंय, "मासळी, स्वतः धरलेली." चाळीस वर्षं तिनं तो शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली ठेवला होता. घडीवर इतका झिजलाय की फीडरमध्ये घातला असता तर तुकडे निघाले असते. म्हणून मी तो काचेवर ठेवला. आता तू विचारलंस म्हणून पुन्हा उघडून बघितला. त्यावर रेघ नाही. स्वच्छ आलाय, नथीचे मोती मोजता येतात.

स्कॅन झाल्यावर मी म्हटलं, वहिनी, याहून पक्का पुरावा बावीस जणींत कोणाकडे नाही, आता अर्ज भरू. तर म्हणाली, "तुला बगायला दिला. माजा नाव नको लिवू. पोरगा जहाजावर सायब हाय. त्याला खाली बगाया लागल असा कागदावर काय नको."

आता चौथ्या प्रश्नाचं उत्तर. तू सतरा वर्षांचा असताना जहाजाच्या ट्रेनिंगचा अर्ज भरलास, आठवतंय? भाविकानं तो अंगणात मोठ्यानं वाचून दाखवला होता. आईचा व्यवसाय, गृहिणी. तेव्हा तुझी आई तिथेच उकिडवी बसून चिंबोऱ्या साफ करत होती. तुझी परीक्षेची फी त्या चिंबोऱ्यांतून गेली. ती हसली आणि टोपली घेऊन आत गेली. दुसऱ्या आठवड्यापासून तुझे मित्र घरी येणार असले की ती मागच्या दारानं खाडीवर जायला लागली. तू पाहिलं नसशील. मी पाहिलंय.

तुला बोल लावायला हे लिहीत नाही. सतरा वर्षांच्या मुलाला काय कळतं. पण ती पंधरा वर्षं तो शब्द सांभाळून आहे, आणि तिला वाटतं की तो तुझा निर्णय आहे. मला त्याचं वाईट वाटतं आणि थोडा रागही येतो, हे तुझ्यापासून लपवत नाही.

फराळ केलाय. तुझ्या वाटणीच्या करंज्या मी खाईन.

पुतळाआत्या

•

जहाजावरून
२४ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,

उत्तराला पाच दिवस लागले. समुद्र खवळलेला होता असं सांगणार होतो, पण तो शांत होता.

आधी प्रिंटर. तो बिघडलेला नाही, नवा आणू नकोस. आईचा पास काचेवर ठेवला तेव्हा रेघ आली नाही आणि फीडरमधून गेलेल्या प्रत्येक पानावर एकाच जागी आली, म्हणजे आतली पट्टी चांगली आहे. झाकण उघड. मोठ्या काचेच्या डाव्या बाजूला बोटभर रुंदीची आणखी एक अरुंद काच दिसेल. फीडरमधला कागद तिच्यावरून सरकत जातो आणि यंत्र त्या फटीतून त्याला वाचतं. तिथे कणभर काही चिकटलं असेल तर कागद पुढे सरकतो, कण तिथेच राहतो, आणि पानभर रेघ दिसते. प्रिंटर बंद कर, मऊ फडकं पाण्यात भिजवून घट्ट पिळ, ती अरुंद काच पूस, कोरड्या फडक्यानं पुन्हा पूस. मग एक कोरा कागद फीडरमधून सोडून बघ. रेघ जाणार, मी पैजेवर सांगतो. तांबडं तिथे काय चिकटलं ते मात्र मला कळत नाही. शाई तर काळी आहे.

आता दुसरं.

तो अर्ज मला आठवतो. गृहिणी लिहायला मला एक क्षणही लागला नव्हता. पुढे बसलेल्या मुलानं तेच लिहिलं होतं आणि मी त्याचं बघून लिहिलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मला लाज वाटत होती. वर्गात कोणी म्हणायचं की तुझ्या दप्तराला चिखलाचा वास येतो. तिच्या हातांना येणारा तोच वास होता. त्या वासावर मी मोठा झालो आणि त्याचंच नाव लिहायला मी घाबरलो. मागच्या दाराचं मला खरंच माहीत नव्हतं. तू ते सांगितलंस तेव्हापासून दुसरं काही डोक्यात येत नाही.

तुमच्या अर्जाला घरच्या माणसाचं निवेदन लागतं ना? माझं खाली देतो. छापील प्रत चालत असेल तर छाप. पण आधी तिला वाचून दाखव. ती नको म्हणाली तर फाडून टाक, तिच्यावर जबरदस्ती नको.

"मी, धनेश पंढरी तांडेल, लिहून देतो की माझी आई श्रीमती सखू पंढरी तांडेल ही सारसोळ्याच्या खाडीत हातानं चिंबोऱ्या, निवट्या आणि कालवं धरत आली आहे. माझ्या जन्माच्या आधीपासून तिचे गुडघे धरेपर्यंत तिनं हे काम केलं. होडी वडिलांची होती. वडील अंथरुणाला खिळल्यावर होडी पाच वर्षं किनाऱ्यावर पालथी होती. त्या पाच वर्षांत आमच्या घरात जे शिजलं ते आईनं चिखलातून आणलेलं होतं. माझ्या शिक्षणाच्या अर्जात मी तिचा व्यवसाय गृहिणी असा लिहिला आहे. ते मी खोटं लिहिलं. ती मासेमार आहे."

धनेश

•

सारसोळे
२७ ऑक्टोबर २०२५

चि. धनेश,

पैज जिंकलास. फडक्यावर जे आलं ते उजेडात नेऊन बघितलं.

कुंकू होतं.

दसऱ्याला घरातल्या सगळ्या वस्तूंची पूजा केली. शिलाई मशीन, विळी, पंढरीदादाचं वल्हं. प्रिंटर तेवढा वगळायला माझं मन होईना. या बायकांची नावं जिच्यातून जाणार ती वस्तू कोरी कशी ठेवू? पण तुला वचन दिलं होतं. म्हणून अक्षता टाकल्या नाहीत, हे मी खरंच लिहिलं होतं. वर बोट लावलं तर पांढऱ्या प्लास्टिकवर डाग दिसेल आणि सुट्टीवर आलास की ओरडशील. मग झाकण उघडलं, आणि मोठ्या काचेवर कागद ठेवायचे असतात म्हणून बाजूच्या त्या अरुंद काचेवर हळूच ओल्या कुंकवाचं एक बोट टेकवलं. मला वाटलं, ती काच शोभेची असेल. बावीस अर्जांवर मीच काट मारली. हे तुला एकट्याला सांगतेय. बायकांना सांगितलंय की धूळ होती. पुढच्या दसऱ्याला त्याच्यासमोर फूल ठेवीन, लांबून.

शनिवार-रविवार बसून सगळे कागद पुन्हा सोडले. दुधासारखे पांढरे आले. बावीस अर्ज चढले आणि आज सकाळी बावीसही जणींच्या पोचपावत्या आल्या. मालतीबाई स्वतःचं नाक बघून गेल्या.

आता तुझी आई.

तुझं निवेदन काल दुपारी छापलं. तिला समोर बसवून वाचलं. मी वाचत होते तोवर ती कागदाकडेच बघत होती. संपल्यावर विचारलं, "त्यानाच लिवलाय का तुना लिवलास?" मी म्हटलं, मला एवढं चांगलं येत नाही. मग म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. शेवटचं वाक्य आलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. मी उगाच प्रिंटरवरचं कापड झटकत बसले.

मग उठली, हात धुऊन आली आणि म्हणाली, "भर."

नाव, पत्ता, वय, सगळं भरलं. व्यवसायाच्या रकान्यापाशी मी थांबले, तर म्हणाली, "पोराना लिवलाय ना, तोच लिव." पास काचेवर ठेवून जोडला, निवेदन जोडलं. मग आला तो रकाना, सोबत मासेमारी केलेल्या व्यक्तींची नावे. मला वाटलं, मालतीबाईंचं घालेल. तर ती म्हणाली, "धनेशचा नाव घाल." मी म्हटलं, अहो वहिनी, तो जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर आहे. तर मलाच दटावलं: "नऊ वरसाचा व्हता, तवा माज्या मागून चिखलात उतरायचा. पयली चिंबोरी धरली तवा आंगठा फोडून घेतला, पन चिंबोरी सोडली नाय. मी खोटा सांगत नाय. घाल त्याचा नाव."

निवेदनाची एक प्रत तिनं मागून घेतली. वाचता येत नाही, तरी घडी घालून पासाबरोबर शिवणाच्या डब्यात ठेवलीये, बटणांच्या वर.

अर्ज भरून तयार आहे, चढवायचा बाकी आहे. तुझं नाव मासेमार म्हणून सरकारदरबारी जाणार आहे, तेव्हा तुला कळवणं माझं काम. हरकत असेल तर एकतीस तारखेच्या आत लिही.

पुतळाआत्या

•

जहाजावरून
२८ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,

हरकत नाही. एकच दुरुस्ती आहे. नऊ नाही, आठ वर्षांचा होतो. अंगठा डावा, व्रण अजून आहे. रकान्यात जागा उरली असेल तर तेही लिही.

धनेश